एक्केचाळीस नंबरचा चिमटा

वहिनींना गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही. बॉनेट उघडलं की त्यांना एकच वस्तू ओळखता येते, काचेवर पाणी मारायची टाकी, आणि तीही तिच्या झाकणावर चित्र असतं म्हणून. तरी गेली सहा वर्षं गाडीवेड्यांच्या शर्यतीचा अख्खा दिवस ह्या बाई उभा करतात. एकोणीस गाड्या, साठ-पासष्ट माणसं, रुग्णवाहिका, पाण्याचे जार, सावलीला मांडव, बायकांसाठी वेगळा संडास. हो, संडास. पहिल्या वर्षी पुरुषांच्या तीन महिने बैठका झाल्या, इंजिनावर रात्रंदिवस चर्चा झाली, पण हा शब्द एकाच्याही तोंडून निघाला नव्हता.

शर्यत म्हणजे तरी काय? दोन गाड्या शेजारी-शेजारी उभ्या करायच्या, दिवा हिरवा झाला की चारशे मीटर सरळ सुटायचं. वळण नाही, चढ नाही. बारा-पंधरा सेकंदांत खेळ खलास. त्या बारा सेकंदांसाठी ही मंडळी वर्षभर कोपरापर्यंत ग्रीसमध्ये बुडलेली असतात. वहिनी म्हणतात, एवढ्या वेळात माझ्या बरणीचं झाकणसुद्धा निघत नाही.

आधी हा उद्योग पहाटे हमरस्त्यावर चालायचा. वहिनींचे यजमान त्यात सगळ्यांच्या पुढे. गिअरबॉक्स दुरुस्तीत त्यांचा हात धरणारा कोणी नाही, म्हणून सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. एका पहाटे त्यांच्या एका दोस्ताची गाडी दुभाजकावर चढली आणि बिचारा चार महिने पलंगावर पडला. त्या दिवशी वहिनींनी घरात जो काही दारूगोळा उडवला तो शेजारच्या तीन घरांनी ऐकला. शेवटी त्या म्हणाल्या, "करायचंच असेल ना, तर रीतसर करा. बंद जागेत करा. आणि मी सांगेन तसं करा."

जागा सापडली ती गावाबाहेर, शेतांवर औषध फवारणाऱ्या छोट्या विमानांची जुनी धावपट्टी. बाराशे मीटर सरळसोट डांबर. एका टोकाला फाटक, दुसऱ्या टोकाला शेत. मालक म्हातारे, कमी बोलणारे. त्यांनी एकच अट घातली होती: "ज्या दिवशी इथे रक्त सांडेल, त्या दिवशी फाटक बंद. कायमचं." वहिनींना ही अट मनापासून आवडली. त्यांनाही हेच तर हवं होतं.

वहिनी बावीस वर्षं मोठ्या इस्पितळाच्या लाँड्रीत आहेत, आता तिथल्या मुख्य. तिथे प्रत्येक वॉर्डच्या गाठोड्याला नंबर घातलेला लाकडी चिमटा लावतात, कपडे वाळत घालायचा साधा चिमटा. गाठोडं आत गेलं की चिमटा दोरीवर, धुऊन बाहेर आलं की चिमटा खाली. जेवढं आत गेलं, तेवढं बाहेर आलं पाहिजे. एकदा एक उशीचा अभ्रा कमी भरला. सगळे म्हणाले, जाऊ द्या हो वहिनी, एका अभ्र्याने काय होतंय? वहिनींनी मशीन उघडायला लावलं. अभ्रा वाळवण्याच्या यंत्राच्या धुराड्यात अडकून करपायला लागला होता, आणि वरच्या मजल्यावर बाळंतिणी होत्या. तेव्हापासून लाँड्रीत "जाऊ द्या" हा शब्द कोणी काढत नाही.

तीच पद्धत त्यांनी धावपट्टीवर आणली. फाटकातून आत येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो गाडी चालवणारा असो की नुसता बघायला आलेला, एक चिमटा मिळायचा. तो त्याने स्वतःच्या हाताने फाटकाजवळच्या दोरीला लावायचा. घरी जाताना काढून वहिनींच्या हातात द्यायचा. त्यांच्या वहीत प्रत्येक नंबरापुढे माणूस. सगळे हसायचे, पण लावायचे. एकटे उस्ताद तेवढे कधी लावायचे नाहीत. "मी काय चादर आहे का?" असं म्हणून पुढे निघून जायचे. मग एक नंबरचा चिमटा दर वर्षी वहिनीच लावायच्या आणि वहिनीच काढायच्या.

यंदाच्या दिवसाची गोष्ट वेगळी होती. उस्तादांचा मणका. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी फोटो दिव्यापुढे धरला आणि स्पष्ट सांगितलं, हे असे धक्के बंद, नाहीतर काठी घ्यावी लागेल. उस्तादांनी एक दिवस मागून घेतला, हा. नऊ वर्षं त्यांनी एक जुनी गाडी स्वतःच्या हाताने बांधली होती आणि नऊ वर्षं त्यांना एकच ध्यास होता, चारशे मीटर बारा सेकंदांच्या आत. त्यांचा आजवरचा उत्तम आकडा होता बारा पूर्णांक शून्य आठ. सेकंदाचे शंभर तुकडे करा आणि त्यातले नऊ उचला, तेवढ्यासाठी माणूस झोपेत बडबडायचा. वहिनींना त्या आकड्याचं काही नव्हतं. पण नऊ वर्षं शेजारी झोपणाऱ्या माणसाची बडबड ऐकली की तो आकडा आपलाही होऊन बसतो.

सकाळी सगळं यथासांग मांडून झालं. माणसं, मांडव, रुग्णवाहिका फाटकाच्या टोकाला. गाड्या तिथूनच सुटणार आणि शेताच्या दिशेने जाणार. शेताच्या टोकाला, पट्टी संपते तिथे, वाळूचा जाड थर. एखादी गाडी थांबलीच नाही तर वाळूत रुतावी म्हणून. गाड्यांची तपासणी उस्ताद जातीने करत होते. एका पोराची बॅटरी जराशी हलत होती, तर त्याला ती घट्ट करायला परत पाठवला. एकाच्या टायरला चीर दिसली, टायर बदलेपर्यंत त्याची गाडी बाजूला. पास झालेल्या गाडीच्या काचेवर निळा कागद. स्वतःच्या गाडीवर निळा कागद त्यांनी सगळ्यांत आधी चिकटवला होता.

आणि मग वारा सुटला. शेताकडून फाटकाकडे, चांगला भणाणता. म्हणजे गाड्यांच्या थेट तोंडावर.

उस्तादांचा चेहरा पडला. सासूबाई मांडवात खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी लेकाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "नाचता येईना, अंगण वाकडं."

"आई, तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला नाचणारे कळतात," सासूबाई म्हणाल्या.

तेवढ्यात दिवे सांभाळणाऱ्या इलेक्ट्रिशियनने, ज्याला सगळे बत्तीवाला म्हणतात, डोकं चालवलं. पट्टी उलटी करू! शेताकडून सुटायचं, फाटकाकडे यायचं. वारा पाठीवर. झालं, एकोणीसच्या एकोणीस जण उड्या मारायला लागले. गाडीवाल्यांना पाठीवरचा वारा म्हणजे काय, हे तुम्हाआम्हाला कळायचं नाही.

"आणि हे सगळे?" वहिनींनी मांडवाकडे हात केला. "ह्यांच्या अंगावर येणार गाड्या?"

"अगं, थांबायला सातशे मीटर आहेत! सातशे! आगगाडी थांबेल तेवढ्यात."

वहिनींनी उस्तादांच्या डोळ्यांत बघितलं. तिथे बारा सेकंद होते, दुसरं काही नव्हतं. त्या म्हणाल्या, "ठीक आहे. पण सगळं उलटं म्हणजे सगळं उलटं. माणसं तिकडे, वाळू इकडे. आणि प्रत्येकाने आपला चिमटा इथून काढून तिकडच्या दोरीला लावायचा. इथली दोरी रिकामी झाली की मी सोडा म्हणेन. त्याआधी एकही गाडी सुटणार नाही."

मग काय विचारता! दोन तास नुसती पळापळ. खुर्च्या निघाल्या, मांडव निघाला, सासूबाई "मी काय सामान आहे का" म्हणत खुर्चीसकट टेम्पोत चढल्या. वाळू हलवायला मालकांचा ट्रॅक्टर आणि त्यावरचे मामा. मामा म्हणजे साठीचा काटक माणूस, एका कानाने ठार बहिरा. चार खेपांत त्यांनी वाळू आणली आणि फाटकाच्या टोकाला पसरली. शेवटच्या खेपेची तशीच ढीग करून ठेवली, कंबरेएवढी. बत्तीवाल्याने दिवे हलवले, घड्याळाच्या तारा ओढल्या. उस्ताद हेल्मेट घालून गाडीत जाऊन बसले. पहिला मान त्यांचाच होता, एकट्याने धावायचा, आणि पाठीवर वारा होता.

वहिनी स्कूटर घेऊन फाटकाशी एकट्याच राहिल्या, दोरी शेवटची एकदा बघायला. स्वतःचा आणि उस्तादांचा चिमटा त्यांनी आधीच काढून पदराला लावला होता. दोरी रिकामी होती. रिकामी म्हणजे, एक चिमटा होता. एक्केचाळीस.

वही उघडली. एक्केचाळीस, ट्रॅक्टरवाले मामा.

ट्रॅक्टर झाडाखाली उभा होता, बाजूला, नीट. त्यावर कोणी नव्हतं. वहिनींनी वॉकीटॉकी तोंडाशी धरला. "एक बाकी आहे. मामा. तिकडे आलेत का?"

बत्तीवाला म्हणाला, "इकडे नाहीत. जेवायला घरी गेले असतील, वहिनी. घर फाटकाबाहेरच आहे त्यांचं."

"गेले असते तर चिमटा माझ्या हातात असता."

"विसरले असतील. म्हातारा माणूस."

वहिनींनी ट्रॅक्टरमागे बघितलं. संडासाचं दार वाजवलं. "मामा, ओ मामा" म्हणून हाका मारल्या, पण वाऱ्याने त्या मागच्या मागे नेल्या. पाच मिनिटं गेली. मग वॉकीटॉकीत उस्तादांचा आवाज आला, आणि तो आवाज तिकडच्या साठ जणांना ऐकू जात होता.

"अगं, वारा आहे तोवर सोड! तो गेला घरी. जेवत असेल तो!"

"बघते ना मी."

"किती वेळ बघशील? वारा पडायला लागलाय." मग जरा थांबून, खालच्या आवाजात, "डॉक्टर काय म्हणाले तुला माहितेय ना. माझा हा शेवटचा आहे गं."

इथे खरं सांगायला हवं. वहिनींच्या मनात आलं, सोडावं. मामांचं घर फाटकापासून शंभर पावलांवर. भूक लागली, गेले असतील, कुठला चिमटा आणि कुठलं काय. नऊ वर्षं. आणि हे सगळं एका लाकडी चिमट्यापायी घालवलं, तर हा माणूस तोंडाने कधी बोलणार नाही, पण मनातून जन्मभर विसरणार नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांच्या घशाशी "सोडा" आलंसुद्धा. पण बावीस वर्षांत जे "जाऊ द्या" एकदाही म्हटलं नव्हतं, ते त्यांना म्हणताच येईना.

"नाही," त्या म्हणाल्या. "एक बाकी आहे." आणि वॉकीटॉकी पदराखाली दाबला, म्हणजे पुढचं ऐकायला नको.

शोधायला आता एकच जागा उरली होती आणि ती इतकी उघड्यावर होती की तिथे कोणी शोधलं नसतं. वाळू. ढिगाच्या अलीकडच्या बाजूला, पट्टीकडे तोंड करून, गोणपाटं पडलेली होती. वाळू झाकायची चार-पाच जुनी गोणपाटं, वाळूच्याच रंगाची. वहिनी तिथूनही परत फिरत होत्या. तेवढ्यात त्यांना गोणपाटांच्या कडेला वहाणा दिसल्या. शेजारी-शेजारी, टाचा जुळवून, देवळाबाहेर काढून ठेवाव्यात तशा.

मामा ढिगाच्या सावलीत, खालच्या ओल्या गार वाळूत, अंगावर गोणपाट घेऊन गाढ झोपले होते. चांगला कान खाली दाबलेला, बहिरा कान वर. ह्या माणसाच्या डोक्याशी एकोणीस गाड्या भोंगे वाजवत आल्या असत्या तरी त्याला पत्ता लागला नसता.

वहिनींनी त्यांना दोन्ही खांद्यांना धरून हलवलं. मामांनी डोळे उघडले. "चहा आला का?"

"तुमचा चहा आणते मी, चांगला आणते! उठा आधी! ही झोपायची जागा आहे का?"

"गार आहे ना," मामा म्हणाले. "गाड्या इकडून सुटून तिकडे शेताकडे जाणार होत्या ना?"

सगळं उलटं केलं हे मामांना सांगितलं होतं. बत्तीवाल्याने सांगितलं होतं, नीट, दोनदा. बहिऱ्या कानात.

वहिनींनी त्यांना स्कूटरवर मागे बसवलं, हातात एक्केचाळीस नंबरचा चिमटा दिला आणि कडेच्या मातीच्या वाटेने शेताच्या टोकाला आणलं. पोचल्या तेव्हा खांबावरची कापडी पिशवी, वारा दाखवायची, ओल्या मोज्यासारखी लोंबत होती. पानही हलत नव्हतं. उस्ताद काचेतून सरळ समोर बघत होते. मामांनी चिमटा नव्या दोरीला लावला. वहिनी म्हणाल्या, "सोडा."

दिवा हिरवा झाला. गाडीचं मागचं अंग खाली बसलं, पुढचं उचललं आणि ती जी सुटली ती काय सांगावी! सासूबाईसुद्धा खुर्चीतून उठल्या. फलकावर आकडा पेटला: बारा पूर्णांक शून्य चार.

वारा नसताना! वाऱ्यासकट बाराच्या आत आरामात आली असती, हे तिथल्या लहान पोरालाही कळलं. कोणीतरी चक् केलं. वहिनींनी मान खाली घातली. म्हणून त्यांना सगळ्यांच्या नंतर दिसलं.

गाडी थांबत नव्हती. गाड्यांतलं काही कळत नसलं तरी सहा वर्षं बघून वहिनींना एवढं कळत होतं, की ब्रेक लागला की गाडी नाक खाली घालते. ही नाक खाली घालत नव्हती. इंजिनाचा आवाज गिअरागणिक उतरत होता, उस्ताद गिअर खाली पाडत होते. सहाशे मीटर, सातशे, आठशे. बत्तीवाला ओरडला, "हँडब्रेक!" मग त्यालाच आठवलं, तो उस्तादांनी वजन वाचवायला गेल्या महिन्यात काढून टाकला होता. गाडी वाळूत शिरली, ढिगावर आदळली. पिवळा लोट उठला आणि त्यात काहीच दिसेना.

रुग्णवाहिका निघून गेली ते त्यांना नंतर आठवेना. लोट खाली बसेपर्यंत किती वेळ गेला हे त्यांना आजही विचारू नका. मग त्या पिवळ्यातून एक माणूस बाहेर आला, हेल्मेट काढलं आणि हात वर केला. अख्खा, दोन पायांवर.

साठ माणसांनी जो श्वास सोडला तो ऐकू आला. सासूबाई धपकन बसल्या आणि लेकाला एक सणसणीत शिवी हासडून डोळे पुसायला लागल्या. वहिनी तिथेच जमिनीवर बसल्या.

मामा मात्र डोळ्यांवर हात धरून लांब बघत होते. "माझी गोणपाटं गेली की हो," ते म्हणाले. मग त्यांचा हात हळूहळू खाली आला.

उस्ताद रुग्णवाहिकेतून आले, पुढच्या सीटवर बसून. गालाला वाळू, बाकी ओरखडा नाही. ते सगळ्यांना ओलांडून थेट वहिनींकडे आले. हातात गोणपाटाचा फाटका तुकडा होता, चाकात गुंडाळलेला निघाला होता.

"कुठे झोपला होता तो?"

"गाडी आहे तिथे," वहिनी म्हणाल्या.

उस्ताद त्यांच्याशेजारी खाली बसले. मणक्याची पर्वा न करता, भस्सकन. बराच वेळ त्या तुकड्याचे धागे उपटत राहिले.

मग सगळे फाटकाच्या टोकाला गेले आणि दोस्तांनी गाडीखाली शिरून बघितलं. जास्त पकड मिळावी म्हणून उस्तादांनी आठ दिवसांपूर्वी मागे रुंद टायर घातले होते. सुटताना गाडी मागे दबली की टायर ब्रेकच्या नळीला घासत होता. नळी कापली गेली, तेल सांडलं. जुनी गाडी, चारही चाकांच्या ब्रेकना मिळून एकच व्यवस्था, एक नळी गेली की सगळं गेलं. नुसतं चाकाशी वाकून बघितलं असतं तरी दिसलं असतं.

"तपासली कोणी होती?" मालकांनी विचारलं. म्हातारा केव्हा येऊन उभा राहिला कुणाला कळलं नव्हतं.

निळा कागद काचेवर दिमाखात चिकटलेला होता.

"मीच," उस्ताद म्हणाले.

"दुसऱ्याची बॅटरी हललेली दिसली," सासूबाई म्हणाल्या. "दिव्याखाली अंधार."

मालकांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, रक्ताचा थेंब कुठे दिसतो का ते बघितलं, आणि मामांकडे बघितलं. म्हणाले, "पुढच्या वर्षी वाळू अजून दोन खेपा टाका." म्हणजे फाटक उघडं. आणि जाता जाता, "गाड्या वहिनींना तपासू द्या."

"मला काय कळतंय हो त्यातलं?"

"नळी तुटलेली कळेल," मालक म्हणाले. उस्तादांनी मान हलवली. त्यांना त्या दिवशी कोणी काहीही सांगितलं असतं तरी त्यांनी मान हलवली असती.

बाकीच्या अठरा गाड्या पुन्हा एकदा तपासल्या गेल्या, एकमेकांच्या, खाली झोपून. मग दुपारभर त्या धावल्या. वारा नव्हता, विक्रम झाले नाहीत, कोणाची तक्रार नव्हती. ऊन कललं तशी माणसं निघाली. प्रत्येक जण आपला चिमटा काढून वहिनींच्या हातात ठेवत होता, आणि आज कोणी हसत नव्हतं. मामांनी एक्केचाळीस आणून दिला तो रुमालात गुंडाळून. "पुढच्या खेपेला हाच द्या मला," म्हणाले.

शेवटी दोरीवर दोन उरले. एक वहिनींचा, आणि दुसरा उस्तादांचा, एक नंबरचा. वहिनींनी आपला काढला आणि सवयीने दुसऱ्याकडे हात केला, तर उस्ताद मध्ये आले. त्यांनी तो चिमटा स्वतः काढला. जरा वेळ उलटासुलटा करून बघितला, पुसट झालेला आकडा अंगठ्याने चोळला.

"बारा पूर्णांक शून्य चार," वहिनी म्हणाल्या. "माझ्यामुळे राहिलं तुमचं."

"हो," उस्ताद म्हणाले. "राहिलं." मग त्यांनी वहिनींचा तळहात उघडला, त्यात चिमटा ठेवला आणि त्यांची बोटं त्यावर मिटवली. "एक नंबर. बाहेर आला. लिही."

"चादर आहात का तुम्ही?"

"चादरच बरा मी," उस्ताद म्हणाले, आणि इतका वेळ धरून ठेवलेलं रडू त्यांना भर मैदानात फुटलं. वहिनींनी त्यांना रडू दिलं. एका हाताने त्यांची पाठ धरून, दुसऱ्या हाताने त्यांनी वही उघडली, आणि आत चौसष्ट, बाहेर चौसष्ट असं लिहून खाली रेघ मारली.